तुरीचं कुटार, वायगावची हळद

(दृश्य : खळ्यावर थ्रेशर)

फेब्रुवारी. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात तुरीची मळणी उरकत आलीये. थ्रेशरच्या एका तोंडातून दाणे पडतात, दुसऱ्यातून कुटार उडतं. मजुरांच्या पापण्या बघा. जी धूळ तिथे बसलीये, तीच नाकात जाते. मग खाली वाकलं की कपाळ ठणकतं, गाल जड होतात, वरच्या दाढा उगाच दुखतात. हा सायनसचा त्रास.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकामागे खोल, अशा त्यांच्या चार जोड्या. नाकात उघडणारी त्यांची तोंडं बारीक. सर्दीने नाहीतर धुळीच्या ॲलर्जीने अस्तर सुजलं की ती बुजतात आणि आत शेंबूड साचतो. सर्दीमागे बहुतेकदा विषाणूच असतो, म्हणून पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मागण्यात अर्थ नाही. आठ-दहा दिवसांत बहुतेकांचं निवळतं. तेवढे दिवस निभावायला चूल आहे.

(दृश्य : भाकर, वरणाचा गंज)

ज्वारीची भाकर, लसूण-मिरचीचा ठेचा, ऊन-ऊन वरण. ठेचा जिभेला लागला की नाक धो-धो वाहतं. ती करामत मिरचीतल्या कॅप्सेसिनची, आणि टिकते घटकाभर. खरं काम वरण करतं. पोटात गरम पातळ गेलं की शेंबूडही पातळ राहतो. दूध बंद करा म्हणणारे घरोघरी भेटतील. दुधाने शेंबूड वाढतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही. घशात दाट वाटतं, इतकंच.

(दृश्य : हळदीची कढई)

आता ही कढई. गाव वायगाव हळद्या. नावातच पीक आहे. इथल्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेत. जूनच्या पावसात बेणं मातीत जातं, पाला वाळला की खणणी. माती झटकून गड्डे वेगळे, बोटं वेगळी. गड्डे शिजायला वेळ घेतात, म्हणून दोन्ही एकत्र घालत नाहीत. पाणी बोटांच्या वर राहील इतकं, वर गोणपाट, खाली धगधगता जाळ. फेस चढला, उग्र वासाची वाफ सुटली की एक बोट बाहेर काढून त्यात गवताची काडी टोचायची. सहज शिरली तर शिजली. पुढे कडक उन्हात वाळवण, बोट मोडताना खटकन आवाज येईपर्यंत. शेवटी ड्रममध्ये घासून चकाकी.

हीच हळद रात्री दुधात पडते, सोबत मिऱ्याची चिमूट. मिऱ्यातल्या पिपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगात जास्त मुरतं. हळदीने सायनस बरा होतो असं छातीठोकपणे कोणी सांगू नये, आम्हीही सांगत नाही. पण ठणकत्या घशाला आणि झोपेला हा पेला बरा.

(दृश्य : ओव्याची वाफ, मिठाचं पाणी)

गंजात पाणी, पाण्यात ओवा, डोक्यावर टॉवेल. आराम पडतो, थोडा वेळ. लेकरांना मात्र उकळत्या गंजापाशी बसवू नका, भाजतं.

त्याहून भरवशाचं म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी आधी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं. एका पेल्याला पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ. मोरीवर वाकून, मान तिरपी, तोंड उघडं, श्वास तोंडाने. वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याची तोटी लावली की पाणी खालच्या नाकपुडीतून निघतं. विहिरीचं, बोअरचं कच्चं पाणी नको. त्यातला अमिबा नाकातून मेंदूपर्यंत गेल्याची उदाहरणं आहेत.

दहा दिवसांनंतरही उतार नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं, डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसायला लागलं, तर घरगुती उपाय थांबवून थेट दवाखाना. शुगर असेल तर त्याआधीच, 2021 चा म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आठवत असेलच.

(दृश्य : आठवडी बाजार)

आणि हळद घ्यायची तर अशी, अख्खी बोटं. बाजारातल्या पिवळ्याधमक भुकटीत रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी पिवळा रंग, मिसळल्याचं देशात सापडलेलं आहे. बोटं मोडून बघा, खटकन मोडली तर घ्या आणि गावच्या चक्कीवर दळून आणा.