तिसऱ्या घरात कोण राहतं?

(पडद्यावर: टंकलेखनातली जुनी, पिवळी पानं)

तुझ्या गावाचं तोंड कोणत्या दिशेला? विहीर कुठे? तांदळाची कणगी कुठल्या खोलीत? तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं?

विचारणारा अमेरिकन अधिकारी. समोर नुकतंच मिसरूड फुटलेलं चिनी पोर. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० अशा झडत्या चालल्या. हेच प्रश्न बापालाही वेगळं बसवून विचारत. उत्तरं जुळली नाहीत, तर परतीची बोट.

१८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली होती. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची दप्तरं जळाली, तेव्हा अनेकांनी सांगितलं, आमचा जन्म इथलाच. नागरिकाच्या मुलाला येता येई. मग नसलेल्या मुलांच्या जागा विकल्या जाऊ लागल्या. कागदावरचा बाप, कागदावरचा मुलगा. घोकलेल्या उत्तरांची वही बंदर दिसायच्या आत समुद्रात जायची.

(पडद्यावर: कबरस्तान, दगडावरची चिनी अक्षरं)

म्हणून अशा कागदी मुलांच्या नातवंडांनी मूळगावाचा शोध सुरू करावा तो इथून. दगडावर इंग्रजीत एक आडनाव, शेजारी चिनी अक्षरांत दुसरंच. खरं बहुधा चिनीतलं! परगणा आणि गावही पुष्कळदा तिथेच कोरलेलं असतं. इतिहासकार हिम मार्क लाय यांच्या नावात ही गोष्ट उघडच आहे: ‘लाय’ कागदावरचं, घराण्याचं आडनाव वडिलांनी मुलाच्या नावात ‘मार्क’ म्हणून दडवलं. याच लाय यांनी अल्बर्ट चेंग यांच्यासोबत १९९१मध्ये तरुणांना मूळगावी नेणारा उपक्रम सुरू केला.

आणि त्या झडत्यांचे कागद? हजारोंनी जपलेत, सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. काहींत गावाचा हाताने काढलेला नकाशासुद्धा. माणसं अडवायला लिहिलेल्या फाइली आज वाटाड्याचं काम करतात.

(पडद्यावर: भातखाचरं, त्यातून उठलेले दगडी-सिमेंटचे मनोरे)

वाट बहुतेक वेळा दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या चार परगण्यांकडे जाते: ताइशान, काइपिंग, शिनहुई, एनपिंग. कँटनी बोलीत ‘सी यिप’. मुंबईत माझगावला १९१९चं चिनी देऊळ आहे, त्याच्या ‘सी यिप कून’ या नावात हेच परगणे आहेत. जुन्या कागदांवर ताइशान शोधून सापडणार नाही, १९१४पर्यंत त्याचं नाव वेगळं होतं, शिननिंग.

काइपिंगचे मनोरे परदेशातून आलेल्या पैशांवर उभे राहिले, दरोडेखोरांपासून आणि पुरापासून जीव वाचवायला. आजही सुमारे १,८०० आहेत. २००७मध्ये युनेस्कोने त्यांतल्या निवडक मनोऱ्यांना आणि गावांना जागतिक वारसा ठरवलं.

गावात शिरताना समोर तळं, काठाला वड, मागे बांबूचं बन, मधे घरांच्या सरळ रांगा. पूर्वजांसमोर उदबत्त्या, भाजलेलं अख्खं डुक्कर, मग फटाक्यांची माळ. कुणी म्हातारे काका वंशावळ काढतात, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या जाळपोळीतून ती वाचली असेल तर. बोट पणजोबांच्या नावावर थांबतं. जुन्या पोथ्यांत मुलींना जागा नसे. आणि शोधत आलेली बहुतेकदा कुणाची तरी पणतीच.

फाइल उघडून ती रांगेतली घरं मोजते. एक, दोन, तीन.

तिसऱ्याला कुलूप आहे. किल्ली चौथ्या घरातल्या आजींकडे.