नवसाची दुसरी खेप

[दृश्य: गणपतीपुळे. भरतीची वेळ. डोंगराच्या कडेने जाणारी प्रदक्षिणेची वाट.]

गणपतीपुळ्याला प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला. इथे डोंगर हाच देव. साधारण किलोमीटरभराची वाट, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला झाडी. नवस बोलायला आणि फेडायला माणसं पिढ्यान् पिढ्या इथे येत आली आहेत.

२००४ साली सचिन पिळगांवकरांनी ह्याच नवसावर चित्रपट काढला, 'नवरा माझा नवसाचा'. घरच्यांनी बोललेला एक अवघड नवस. तो फेडायचा तर नवरोबांनी अंगावर कपडा न ठेवता देवासमोर यायचं. त्यासाठी मुंबईहून निघालेली एक बस, बसमध्ये नाना तऱ्हेची माणसं, आणि कंडक्टर अशोक सराफ.

[दृश्य: मुंबई-गोवा महामार्ग. निवळी फाटा.]

हा रस्ता कोकणी माणसाला तोंडपाठ. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर. पुढे निवळीला महामार्ग सोडला की जाकादेवीवरून खाली पुळ्याला. गाडी लागणं, डबे उघडणं, शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपणं, हे सगळं ह्या रस्त्यावर आपण सगळ्यांनीच केलेलं. म्हणून त्या बसमधली माणसं आपल्याला घरची वाटली. थिएटरातून चित्रपट उतरल्यावर टीव्हीने तो घरात आणून बसवला. गणपतीत आरती झाली, पानं उठली, पाहुणे माजघरात लवंडले, की कोणीतरी टीव्ही लावतो आणि हा चित्रपट अर्ध्यातूनच सुरू होतो. कोणाचं काही अडत नाही. पुढचा संवाद काय ते पोरांनाही माहीत असतं.

असा चित्रपट पुढे न्यायचा म्हणजे जोखीम. लोक पैसे देऊन आठवणीच पडताळून पाहायला येतात.

[दृश्य: कोकण रेल्वे. बोगद्यातून बाहेर येणारी गाडी.]

'नवरा माझा नवसाचा २' आला तो २० सप्टेंबर २०२४ ला. मधे वीस वर्षं गेली होती. अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झालेले, चाकरमानी नुकतेच मुंबईला परतलेले. पुन्हा नवस, पुन्हा गणपतीपुळे, पण ह्या खेपेला बसऐवजी कोकण रेल्वे. कंडक्टर झालेले अशोक सराफ आता टीसी. सचिन आणि सुप्रिया आहेतच, सोबत स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे ही पुढची पिढी. प्रेक्षक आले, चित्रपट चालला.

का चालला? माझं मत असं, की पहिल्या चित्रपटात आपण जीव लावला तो माणसांना. माणसं वीस वर्षांनी भेटली तर वाईट काय? केस पिकले असतील, कोणी आजोबा झाला असेल, तेवढीच ओढ जास्त. बसच्या जागी रेल्वे येणं मला फार मोलाचं वाटतं. कोकण रेल्वे १९९८ मध्येच पूर्ण सुरू झाली, पण वीस वर्षांत ती आपल्या बोलण्याचालण्यात पुरती मुरली. गणपतीचं आरक्षण हा आता घरोघरचा विषय. मधला काळ चित्रपटाने झाकला नाही, त्यालाच गाडीत बसवलं.

[दृश्य: रात्रीची जत्रा. दशावताराचा मंच, एक बाकडं, पेटी आणि मृदंग.]

आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दशावतारात कथा ठाऊक असते, राजा कोण, राक्षस कोण, शेवट काय, सगळं ठाऊक. मंचावर एक बाकडं, तेच सिंहासन. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण आज राजा कोण घेतोय हे पाहायचं असतं. ओळखीच्या कथेत आजचा माणूस आला की ती पुन्हा ताजी होते.

पण माणूसच गेला असेल तर? 'झपाटलेला' १९९३ चा, त्याचा पुढचा भाग २०१३ मध्ये, थ्रीडीत आला. रामदास पाध्यांचा तात्या विंचू बाहुला, त्याला वय नाही. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र २००४ मध्येच गेले होते. ती जागा तंत्राने भरून निघणारी नव्हती.

[दृश्य: जगबुडी नदी, खेड तालुका. पाऊस.]

आणि आता खरा कठीण पेपर. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड नावाचं गाव आहे. श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ते आधीपासून माहीत. राही अनिल बर्वे यांचा हिंदी 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला, तेव्हा गर्दी बेताचीच होती. मग तो घरोघरी मोबाइलवर पोचला, एकाने दुसऱ्याला सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. निर्माते-अभिनेते सोहम शाह यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केली. बर्वे त्यात नाहीत.

इथे लोकांनी जीव लावला तो भीतीला. सततचा पाऊस, सासवडच्या पुरंदरे वाड्याच्या त्या भिंती, पोटात उतरत जाणारा अंधार. चित्रीकरणाला कित्येक पावसाळे गेले, आणि ती ओल पडद्यावर दिसते. पण हस्तर, म्हणजे वाड्याच्या पोटातला सोन्याच्या मुद्रांचा हावरा राक्षस, एकदा दिसला. आता तो आपल्याला माहीत आहे. शिवाय गोष्ट संपलेली आहे: शेवटी मुलगा बापाच्या हातातल्या मुद्रा नाकारतो. त्या नकारातच सगळं आलं. दुसऱ्या भागाने तो नकार पुसला, तर पहिल्याचंही नुकसान होईल.

परदेशातही हेच दिसतं. 'ब्लेड रनर'चा पुढचा भाग ३५ वर्षांनी, २०१७ मध्ये आला. समीक्षकांनी वाखाणला, तिकीटबारीवर अपेक्षेएवढा चालला नाही. 'टॉप गन'चा नायक ३६ वर्षांनी थकलेल्या चेहऱ्याने परतला आणि जगभर गर्दी झाली. गूढ परत आणणं अवघड, माणूस परत आणणं त्या मानाने सोपं.

तरी 'तुंबाड'ची आशा मी सोडलेली नाही. पहिला भाग १९४७ पाशी थांबतो. लोभ काही तिथे थांबला नाही.

[दृश्य: कातळसडा. कुंपणाचे सिमेंटचे खांब. बंद घराचं जोतं.]

आज कोकणात सामायिक सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं असतात, निम्मी माणसं मुंबईत. एक सही राहिली म्हणून भाऊ भावाशी बोलत नाही. सड्याला भाव आला की वर्षानुवर्षं न फिरकलेले वारस पाटीवर नाव लावायला धावत येतात. एजंट चहा पाजतो, आजीचा अंगठा घेतो. हस्तरला जुन्या वाड्याच्या पोटात शोधत बसण्यापेक्षा त्याला इथे, तलाठ्याच्या दारात आणा. पाऊस तोच ठेवा. आम्ही तिकीट काढून येऊ.