रिंगणावरचा आवाज : नवाहो रोडिओचा निवेदक

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो या मूळनिवासी लोकांच्या रोडिओविषयी बोलणार आहे, आणि त्यातही अशा एका माणसाविषयी, जो घोड्यावर बसत नाही, दोर फेकत नाही, तरीही ज्याच्यावाचून तो खेळ उभा राहत नाही. तो माणूस म्हणजे रोडिओचा निवेदक.

रोडिओ आपण पडद्यावर पाहिलेला असतो. फाटक उघडते, उसळणारा घोडा किंवा वळू बाहेर झेपावतो आणि स्वाराला एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचे असते. मोकळा हात जनावराला लागला की स्वार बाद. गुण शंभरापैकी दिले जातात. त्यांपैकी निम्मे स्वाराचे आणि निम्मे जनावराचे. पुन्हा सांगतो, निम्मे गुण जनावराचे असतात, आणि म्हणूनच गरीब घोड्यावर आरामात टिकून राहणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. याशिवाय दोघांनी मिळून धावत्या गोऱ्ह्याला पकडण्याचा खेळ असतो. एकाने शिंगांवर फास टाकायचा आणि दुसऱ्याने मागच्या दोन्ही पायांत. एकच पाय अडकला तर वेळेत पाच सेकंदांची भर पडते. या खेळात नवाहो खेळाडूंचा हात धरणारे फार थोडे आहेत. ट्यूबा सिटीचा ॲरन सिनिजीनी 2015 मध्ये आणि राउंड रॉकचा एरिक रॉजर्स 2017 मध्ये शिंगांवर फास टाकणारा जगज्जेता ठरला, आणि ही दोन्ही गावे ॲरिझोनातील नवाहो राष्ट्राच्या हद्दीत आहेत.

नवाहो राष्ट्र म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरलेला, सुमारे 71,000 चौरस किलोमीटरचा स्वशासित प्रदेश. त्याची राजधानी विंडो रॉक. घोडे आणि मेंढ्या स्पॅनिश लोकांबरोबर या भागात आल्या आणि नवाहो जीवनाचा कणा झाल्या. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नवाहोंना पायी चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्वेकडील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले आणि त्यांनी कळप पुन्हा वाढवले. मग 1930 च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली सरकारने त्यांची जनावरे सक्तीने कमी केली, आणि अनेक ठिकाणी मेंढ्या-शेळ्या मालकांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून मारल्या. हे दुःख अजून घराघरांत सांगितले जाते. नवाहो माणूस रोडिओच्या रिंगणात आपले जनावरांचे कसब चारचौघांत दाखवतो, तेव्हा हा सगळा इतिहास त्याच्या पाठीशी असतो, आणि निवेदकाला तो ठाऊक असतो.

आता निवेदकाच्या कामाकडे वळू. रोडिओ काही तास चालतो, पण प्रत्यक्ष स्वारीची सगळी सेकंदे एकत्र केली तरी ती थोड्या मिनिटांत संपतात. उरलेला सगळा वेळ निवेदकाचा. घोडा फाटकामागच्या अरुंद कप्प्यात आडवा झाला, खोगिराचा पट्टा सुटला, पंचांनी पुन्हा स्वारी दिली, असे काहीही झाले तरी हजारो माणसांना बांधून ठेवायचे काम त्याचेच. फाटकांच्या वर त्याची छोटी खोली असते, किंवा तो स्वतःच घोड्यावर बसून हातात ध्वनिक्षेपक घेऊन रिंगणात फिरतो. हातात त्या दिवसाची यादी असते: स्वार, त्याचे गाव, त्याच्या वाट्याला आलेले जनावर. जनावराची कुंडलीही त्याला पाठ असावी लागते. ते फाटकातून डावीकडे वळते की उजवीकडे आणि त्याला दोर किती लांब द्यावा लागतो, हेही. नवाहो निवेदकाला हे सगळे इंग्रजीत आणि नवाहो भाषेत, एकातून दुसरीत जात-येत सांगावे लागते. यांतील अनेकांची आठवडाभराची नोकरी वेगळी असते आणि शनिवार-रविवार मात्र शेकडो मैलांच्या प्रवासात जातो.

या आवाजाला रेडिओची जोड आहे. विंडो रॉकचे के-टी-एन-एन हे केंद्र 1986 मध्ये सुरू झाले. 660 किलोहर्ट्झवर, 50,000 वॉटच्या प्रक्षेपकामुळे ते रात्री दूरदूरच्या राज्यांत ऐकू येते. 1996 मध्ये ॲरिझोनातील टेम्पी येथे अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल हा अंतिम सामना झाला, तेव्हा या केंद्राने त्याचे समालोचन नवाहो भाषेत केले. ज्या हजारो घरांत अजून वीज नाही, तिथेही बॅटरीवरचा रेडिओ असतो. इथे मला थोडे विषयांतर करू द्या. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठीतून ऐकवले आणि कधीही मैदानात पाऊल न टाकलेल्या माणसांना खेळ दिसू लागला. माझे ठाम मत आहे की ज्या भाषेत खेळाचे वर्णन होत नाही, त्या भाषेतली मुले मैदानावर परकी भाषा बोलू लागतात. असो.

नवाहो निवेदकाची दोन वैशिष्ट्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. पहिले असे की तो स्वाराची ओळख कुळांनी करून देतो. नवाहो माणसाला चार कुळे असतात: पहिले आईचे, दुसरे वडिलांचे, तिसरे आईच्या वडिलांचे आणि चौथे वडिलांच्या वडिलांचे. आई, वडील, आईचे वडील, वडिलांचे वडील, हाच क्रम. माणूस आईच्या कुळात जन्मतो, आणि त्या कुळातली प्रत्येक व्यक्ती, भेटलेली असो वा नसो, त्याची नातलग ठरते. दुसरे वैशिष्ट्य असे की तो अशुभ बोलत नाही. उच्चारलेला शब्द घडून येतो, अशी नवाहोंची गाढ श्रद्धा आहे. त्यामुळे ‘आज इथे मान मोडू शकते’ अशी थरारक वाक्ये, जी इतरत्र रोडिओत सर्रास ऐकू येतात, ती चांगला नवाहो निवेदक तोंडातून काढत नाही.

ही दोन्ही वैशिष्ट्ये मला शिपरॉकच्या जत्रेत एकाच वेळी पाहायला मिळाली. तो प्रसंग आपल्याला सांगावा, म्हणूनच हा विषय मी निवडला. न्यू मेक्सिकोतील शिपरॉकची जत्रा 1909 पासूनची, आणि ती ऑक्टोबरमध्ये भरते. माझा भाचा अल्बुकर्कला नोकरी करतो. त्याच्याबरोबर मी तिथे गेलो होतो. खेळ सुरू होण्याआधी मी कुंपणाशी उभा होतो, तेव्हा पिकल्या केसांचा निवेदक फाटकांच्या मागे एकेका मुलापाशी थांबून काहीतरी विचारत होता आणि यादीच्या समासात बॉलपेनने लिहून घेत होता. प्रत्येक नावापुढे चार शब्द. वारा इतका होता की त्याने ती यादी कोपराखाली दाबून धरली होती. शेजारी बाकावर मखमली पोलके आणि पिरोजाचे दागिने घातलेली एक आजी, आणि तिची कॉलेजात शिकणारी नात बसली होती. नात तिला ‘शिमासानी’ म्हणजे आजी अशी हाक मारत होती आणि आम्हाला निवेदकाचे नवाहो बोलणे इंग्रजीत समजावून देत होती.

खोगीर घातलेल्या उसळत्या घोड्यांचा खेळ सुरू झाला. एक कोवळा मुलगा कप्प्यात उतरला. मूठ आणि ताठ अंगठा लावून तो दोराची लांबी मोजत होता, घोडा बिथरला की पुन्हा मोजत होता. तेवढ्या वेळात निवेदकाने त्याची ओळख करून दिली: आईचे कूळ पुष्कळ शेळ्यांचे, वडिलांचे कडू पाण्याचे, आईच्या वडिलांचे मिठाचे आणि वडिलांच्या वडिलांचे उंच घराचे. पहिले कूळ ऐकताच शेजारच्या आजीने मान हलवली. फाटक उघडले. पहिल्या उडीला मुलाच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर नेमक्या लागल्या, दुसरी-तिसरी उडी सुरेख गेली आणि मग घोडा हवेतच वळला. मुलगा खांद्यावर आणि मानेवर आपटला व तसाच पडून राहिला.

कर्ण्यांवर संगीत चालू होते. निवेदकाने हात आडवा केला आणि ते बंद झाले. आजकाल प्रत्येक मैदानावर दोन चेंडूंमधल्या क्षणातही गाणी वाजवतात, हे मला मुळीच मान्य नाही, आणि त्या दिवशी ती शांतता किती आवश्यक आहे हे मला पटले. वैद्यकीय मदतनीस धावले, घोडेस्वारांनी त्या घोड्याला बाहेर काढले. निवेदक बोलू लागला, पण काय झाले असेल याविषयी त्याने एक अक्षरही उच्चारले नाही. तो नवाहोत, सावकाश, एवढेच सांगत होता की हा मुलगा पुष्कळ शेळ्यांच्या कुळाचा आहे, कडू पाण्याच्या, म्हणजे वडिलांच्या, कुळासाठी जन्मलेला आहे, त्याची माणसे इथे असतील तर त्यांनी डावीकडच्या फाटकाशी यावे. हेच त्याने दुसऱ्यांदा सांगितले, आणि मग इंग्रजीत.

माझ्या शेजारची आजी उठली. बाकावर अंथरलेली लोकरीची घोंगडी तिने काखेत घेतली आणि पायऱ्या उतरू लागली. मी नातीला विचारले, ‘तुमच्या नात्यातला आहे का?’ ती म्हणाली, ‘आम्ही त्याला आज पहिल्यांदाच पाहतो आहोत. पण आजीचे कूळ तेच आहे, म्हणजे तो तिचाच.’ खाली पाहतो तो माणसे निरनिराळ्या बाकांवरून उठून निघाली होती. काठी टेकत येणारे एक वृद्ध गृहस्थ होते, पाठीवर स्पर्धेचे क्रमांक लावलेल्या दोन मुली होत्या, खाद्यपदार्थांच्या गाडीवरून पीठ भरल्या हातांनी तशीच आलेली एक बाई होती. मुलाने बोटे हलवली, मग डोळे उघडले आणि आधाराने उठून बसला, तोपर्यंत फाटकाशी चांगला घोळका जमला होता. आजीने घोंगडी त्याच्या खांद्यांवर घातली.

मुलगा चालत बाहेर गेला तेव्हा निवेदकाने रोडिओतले ते जुने, ठरलेले वाक्य म्हटले, की या स्वाराला गुण नाहीत, आजची त्याची कमाई म्हणजे तुमच्या टाळ्या, तेव्हा हात आखडू नका. टाळ्या थांबेनात. मुलाच्या घरचे कोणीच आले नव्हते. तो दोन मित्रांबरोबर आला होता. आजीने त्याच्याकडून आईचा फोन लावून घेतला आणि कुंपणाला टेकून ती त्या अनोळखी बाईशी बराच वेळ हसत बोलत होती.

संध्याकाळी मी निवेदकाला गाठून विचारले, की इतक्या लोकांना धीर द्यायला आपण आणखी काही बोलला का नाहीत. त्याने सांगितले की असा प्रसंग आला की तो कुळेच सांगतो. अपघाताविषयी एखादा वावगा शब्द गेलाच, तर सोमवारी बाजारात म्हाताऱ्या बायका त्याला अडवून रागावतात, आणि त्यांचे रागावणे त्याला योग्यच वाटते.

वेळ संपत आली आहे, म्हणून एक उपयोगाची गोष्ट सांगतो. ज्या श्रोत्यांची मुले-नातवंडे ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोत आहेत, त्यांनी तिकडच्या मुक्कामात एक दिवस यासाठी राखून ठेवावा. विंडो रॉकला 4 जुलैच्या सुमारास मोठा रोडिओ असतो, सप्टेंबरमध्ये तिथेच नवाहो राष्ट्राची जत्रा भरते आणि ऑक्टोबरमध्ये शिपरॉकची. जागा निवेदकाच्या खोलीजवळची घ्यावी, आणि भाषा समजावून देणारे कोणी शेजारी मिळाले, तर फाटके उघडण्याआधीची ओळख लक्ष देऊन ऐकावी.

नमस्कार.