दवाखान्याचा संगणक: निवड कुठून सुरू करावी

उपस्थित डॉक्टर मंडळी,

दवाखान्याच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर एकदा ठरले की पुढचा प्रश्न हमखास येतो: संगणक कोणता घ्यावा? डीलरकडे याचे उत्तर तयार असते. तो प्रोसेसरची पिढी सांगतो, रॅमचा आकडा सांगतो आणि थोडे पैसे वाढवले तर वरचे मॉडेल मिळेल असेही सुचवतो. भेटीच्या वेळा, केसपेपर, बिले आणि औषधचिठ्ठ्या एवढेच काम असते तर आज बाजारात मिळणारा जवळजवळ कोणताही संगणक पुरला असता. दंतवैद्याच्या दवाखान्यात मात्र त्याच संगणकाला आरव्हीजीचा, म्हणजे दाताचा एक्स-रे थेट पडद्यावर आणणारा, सेन्सर जोडलेला असतो आणि माझ्या मते खरेदीचा विचार या सेन्सरपासून सुरू व्हायला हवा.

सेन्सर ज्या ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाशी त्याचा संवाद घडवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालतो तो ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला असतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नवा संगणक आता विंडोज ११ सहच येणार, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. ज्या जुन्या सेन्सरचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहे, तो सेन्सर कितीही सुस्थितीत असला तरी नव्या संगणकावर चालणार नाही. ६४-बिट ड्रायव्हर उपलब्ध असला तरी अडचण संपतेच असे नाही. नव्या संगणकांत ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा बहुधा आधीपासून चालू असते आणि ती काही जुने ड्रायव्हर अडवते. मग ती बंद करण्याचा सल्ला मिळतो, म्हणजे सेन्सरसाठी दवाखान्याची सुरक्षा कमी करण्याचा सौदा होतो. एआरएम (नेहमीच्या इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेच्या) प्रोसेसरचे पातळ, देखणे लॅपटॉप हल्ली दुकानात दिसतात. त्यांना तर त्याच प्रोसेसरसाठी लिहिलेला ड्रायव्हर लागतो आणि तो सेन्सरच्या कंपनीने दिला असेल असे गृहीत धरू नये. म्हणून पहिले पाऊल एवढेच: सेन्सर, ओपीजी यंत्र (पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढणारे) आणि स्कॅनर (तोंडात फिरवून दातांची त्रिमिती प्रतिमा घेणारा) यांची मॉडेल कागदावर लिहा, प्रत्येक कंपनीकडून विंडोज ११ बाबतचे उत्तर लेखी घ्या आणि सेन्सरसोबत आलेली कॅलिब्रेशनची फाइल जपून ठेवा. ती त्या एकाच सेन्सरच्या अनुक्रमांकाला बांधलेली असते. दुसऱ्या सेन्सरची चालत नाही.

आता साठवणुकीचा हिशेब करू. मोठ्या आकाराच्या सेन्सरचे प्रतिमाक्षेत्र साधारण २६ गुणिले ३६ मिलिमीटर असते. पिक्सेल २० मायक्रॉनचा धरला तर सुमारे १३०० गुणिले १८०० पिक्सेल होतात आणि प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट धरले तर एक प्रतिमा साडेचार-पावणेपाच एमबीची होते. दिवसाला वीस प्रतिमा आणि वर्षाला तीनशे दिवस काम असे गणित केले तरी वर्षाकाठी तीस जीबीच्या आतच भरते. ५०० जीबीची डिस्क अनेक वर्षे पुरेल हे यावरून उघड आहे. त्यामुळे जागेच्या आकड्यापेक्षा डिस्कच्या जातीवर पैसे खर्च करावेत. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कला हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद लागतात, आणि शीर्ष सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. त्यामुळे सेकंदाला जेमतेम शंभरएक विखुरलेल्या नोंदी तिला वाचता येतात, तर फिरते भाग नसलेली एसएसडी हजारोंनी वाचते. पेशंटचे नाव टाकल्यावर पडदा रेंगाळतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरला दिला जातो, पण अडथळा अनेकदा डिस्कमध्ये असतो.

सीबीसीटीचे, म्हणजे जबड्याच्या त्रिमिती एक्स-रे स्कॅनचे, गणित वेगळे आहे. आठ सेंटिमीटरच्या क्षेत्राचे ०.१६ मिलिमीटरचे घन केले तर प्रत्येक बाजूला ५०० याप्रमाणे साडेबारा कोटी घन होतात आणि फाइल २५० एमबीची होते. ती त्रिमितीत फिरवून पाहायची असेल तर १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवे. तोंडातल्या स्कॅनरची गरज त्याहून मोठी असते आणि तिथे स्कॅनर-कंपनीची यादी शब्दशः पाळावी, कारण त्या यादीबाहेरच्या संगणकावर काही बिघडले तर कंपनी हात वर करते. मात्र हा शक्तिशाली संगणक एकच असावा. तो डॉक्टरांच्या टेबलावर असला की पुरे. प्रत्येक खुर्चीपाशी तसा ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

सर्व्हरबद्दल, म्हणजे सगळ्या नोंदी ज्यावर साठतात आणि बाकीचे संगणक ज्याला जोडलेले असतात त्या संगणकाबद्दल, थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त गफलती इथेच होतात. दोन-चार खुर्च्यांच्या बहुतेक दवाखान्यांत स्वागतकक्षातला संगणकच सर्व्हर असतो. त्याच संगणकावर बिले निघतात, व्हॉट्सॲप उघडे असते आणि पेशंटने इमेजिंग सेंटरमधून आणलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह त्यातच घातली जाते. ती पाहण्यासाठी तिच्यातलाच एक अनोळखी प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि दहा वर्षांच्या नोंदी त्याच डिस्कवर असतात! वानाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७ मध्ये जगभर रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. तो ज्या यंत्रांवर बसवला गेला नव्हता ती सापडली. तेव्हा डेटाबेस ज्या संगणकावर आहे त्यावर दुसरे कोणतेही काम होऊ नये. हा संगणक महागडा असण्याची गरज नाही. अनेक सॉफ्टवेअरबरोबर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रोग्रॅमची मोफत एक्सप्रेस आवृत्ती येते. तिची २०२२ पर्यंतची रूपे एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा घालतात, चारपेक्षा जास्त कोअर वापरत नाहीत आणि डेटा हाताशी ठेवण्यासाठी जेमतेम १.४ जीबी रॅम घेतात. अशा डेटाबेससाठी ६४ जीबी रॅमचा सर्व्हर विकत घेणे म्हणजे न वापरलेल्या रॅमचे पैसे भरणे होय. १६ जीबी रॅम, सारख्या क्षमतेच्या दोन एसएसडी आणि विंडोजची प्रो आवृत्ती एवढ्यावर काम भागते. प्रो आवृत्तीचा आग्रह अशासाठी की तिच्यात डिस्क कुलूपबंद करण्याची पूर्ण सोय आणि दुरून चालवण्याची सोय मिळते, जी होम आवृत्तीत मिळत नाही.

दोन एसएसडी एकमेकींची प्रत म्हणून चालवल्या तर एक बिघडली तरी काम थांबत नाही. परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते, म्हणून या जोडीला बॅकअप म्हणता येत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा, काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी आणि एक प्रत दवाखान्याबाहेर असावी. वर्षातून एकदा तरी तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून एखाद्या पेशंटची नोंद प्रतिमेसह उघडते का हे पाहावे. प्रतिमा बहुधा डेटाबेसच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप कित्येकदा तो फोल्डर घेतच नाही.

जोडणी शक्यतो तारेनेच करावी. गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिटच्या) जाळ्यावर वर सांगितलेली २५० एमबीची फाइल दोन-तीन सेकंदांत येते, तर जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर तिला वीस सेकंद लागतात. केबलमधल्या चार जोड्यांपैकी एक जरी तुटली तरी वेग अनेकदा गुपचूप १०० वर उतरतो, कारण त्या वेगाला दोनच जोड्या पुरतात. फर्निचर बसवताना ठोकलेल्या एखाद्या खिळ्याने हे सहज घडते. सेन्सरच्या यूएसबी तारेलाही मर्यादा आहे: यूएसबी २.० साठी ती पाच मीटर धरतात. म्हणून संगणक खुर्चीजवळच हवा, आणि तिथे दात कोरणाऱ्या एअरोटरचे तुषार व प्लास्टरची धूळ पंख्यातून आत जाते. पडद्यामागे अडकवता येणारा, शक्य तर बिनपंख्याचा छोटा संगणक तिथे उत्तम. कीबोर्ड पुसता येणारा किंवा आवरण घालता येणारा असावा. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी चित्र नीट दिसणारा) घ्यावा, पण त्याहूनही त्याच्यावर खिडकीचा किंवा खुर्चीच्या दिव्याचा उजेड पडणार नाही अशी जागा निवडावी. सुरुवातीची कीड पाहताना काचेवरचे ते प्रतिबिंबच आड येते.

विजेकडे येऊ. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढते आणि त्याच वायरिंगवर संगणक असेल तर दाब क्षणभर खाली जातो. संगणकांना स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि यूपीएस द्यावा. कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर कधीही लावू नयेत. सर्व्हरच्या यूपीएसची यूएसबी तार जोडलेली असेल तर बॅटरी संपत आल्यावर तो स्वतःहून शिस्तीत बंद होतो. ही तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहिलेली असते. आपल्या उकाड्यात बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा तिचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा.

क्लाउडवरचे सॉफ्टवेअर घेणाऱ्यांचा सर्व्हर वाचतो, पण सेन्सरचा ड्रायव्हर त्यांनाही स्थानिक संगणकावरच लागतो. शिवाय दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट राखीव ठेवावे लागते.

शेवटी, नवा संगणक आला की जुना डीलरला ‘एक्स्चेंज’मध्ये दिला जातो आणि त्याच्याबरोबर पेशंटची नावे, फोन नंबर आणि क्ष-किरण प्रतिमाही जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून अशा माहितीची जबाबदारी त्यात दवाखाना चालवणाऱ्यावर येते. फाइली पुसल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने त्या खरोखर नाहीशा होत नाहीत, म्हणून जुनी डिस्क आधी काढून घ्यावी, नव्या संगणकावर सर्व नोंदी उघडत आहेत याची खात्री होईपर्यंत ती कुलपात ठेवावी आणि त्यानंतरच नष्ट करावी. कोटेशन मागवतानाच ‘जुनी डिस्क वगळून’ असे त्यावर लिहून घ्यावे.