नववं पिंप

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीच्या सुट्टीत परळच्या एका चाळीत मुलांच्या खडूचित्र स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. चौकात ३ फुटांचे चौकोन आखलेले, प्रत्येकाला १२ रंगीत खडू आणि वेळ २ तास. दहा वर्षांखालची चाळीसेक मुलं गुडघ्यांवर बसली आणि पाच मिनिटांतच खडू मोडायला लागले.

मोडणारच. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो. भाजून पूड केलेलं जिप्सम पाण्यात कालवून साच्यात ओततात. पेन्सिलीसारखा दाबला की तो कट्कन तुटतो. पण तोच तुकडा आडवा धरून फिरवलात तर आभाळ बघता बघता भरतं, आणि पाण्यात बुडवून ओढलात तर रंग दाट उतरतो. जुन्या चाळींतल्या शहाबादी फरशीवर, म्हणजे कर्नाटकातल्या शहाबादच्या त्या चुनखडीच्या दगडावर, रेघ सुरेख बसते. पेव्हर ब्लॉकवर मात्र ती दर सांध्याला अडखळते. रांगोळी चिमटीतून सुटते आणि वरच्या वर राहते. खडू दगडात घासावा लागतो, तळहातानं चोळावा लागतो. मग कोपरापर्यंत रंग जाणार, कपड्यांना लागणार, त्याला इलाज नाही.

परीक्षकानं सगळं झाल्यावर एकदाच फिरू नये, असं मला ठामपणे वाटतं. मी तीनदा फिरते, आणि मधल्या फेरीत प्रत्येक चित्रापाशी खाली बसते. उभ्यानं नुसते रंग दिसतात, बसलं की रेघ दिसते. मुलाची रेघ गुडघा सरकवताना थांबते, परत सुरू होते, तो जोड कळतो. मोठ्या माणसाची रेघ खांद्यातून येते. त्या दिवशी एका चौकोनात गणपतीची सोंड अशी एका दमात वळली होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाबांच्या बोटांना केशरी खडू लागला होता. मी दहा वर्षांची असताना आमच्या गिरगावच्या चाळीत माझ्याही गणपतीची सोंड दादानं काढून दिली होती. पहिलं बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. ती मी शाळेत कधीच नेली नाही. आई-बाबांनो, हात जोडून सांगते, मुलांना टोपी द्या, पाणी द्या, पण खडू हातात घेऊ नका.

जिन्याजवळ सात-आठ वर्षांची एक मुलगी पिंपं काढत होती. एका रांगेत नऊ पिंपं. कुणाच्या झाकणावर वीट, कुणावर पालथं ताट. आठ पिंपांत निळं पाणी, नववं कोरं.

"हे भरायचं राहिलं का गं?"

"नाही मॅडम, तोपर्यंत पाणी गेलं."

निळा खडू तिच्या मुठीत शिल्लक होता.

माझ्यासोबतचे परीक्षक गणपतीच्या बाजूनं होते. सफाई किती आहे बघा, म्हणाले. सफाईला गुण द्यावेतच, पण मुलानं स्वतः काय पाहिलं त्याला आधी. बराच वेळ आमचं जमेना. शेवटी मी त्यांना जिन्याजवळ नेलं आणि खाली बसायला लावलं. ते झाकणावरच्या विटेकडे बघत राहिले. "आमच्याकडे पाटा ठेवायचे," एवढंच म्हणाले. पहिलं बक्षीस पिंपांना गेलं. गणपतीवाल्या मुलाला उंदरासाठी उत्तेजनार्थ दिलं. एक कान लहान, एक मोठा असा तो उंदीर त्याचा स्वतःचा होता.

बक्षिसाला नाव पुकारलं तर मुलगी येईना. वेळ केव्हाच संपली होती, आणि ती अजून जिन्याजवळच होती. आखलेला चौकोन ओलांडून, पार भिंतीपर्यंत, नवव्या पिंपासाठी नळाचा पाइप ओढत होती.