लेस्टरला येऊ नका

नमस्कार श्रोतेहो. बाहेरून येणाऱ्या माणसांबद्दल लोकांचं मत काय, यावर सरकारचे कायदे कसे हलतात, ते आज बोलू. त्यासाठी एका जाहिरातीची गोष्ट सांगायलाच हवी.

साल 1972. ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं तिथल्या आशियाई लोकांना फर्मावलं: 90 दिवसांत चालते व्हा. त्यांत गुजराती दुकानदार होते, आपल्या गोव्याचे कारकून आणि शिंपीही होते. बऱ्याच जणांचा पासपोर्ट ब्रिटिश. राजधानी कंपालातल्या घराघरांत बांधाबांध सुरू झाली. काय घ्यायचं, काय सोडायचं, ही घालमेल तुम्हाला सांगायला नको. आणि सप्टेंबरात तिथल्या ‘युगांडा आर्गस’ या पेपरात जाहिरात आली. दिली कोणी? इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं! मजकूर असा: आमच्याकडे घरांसाठी हजारो कुटुंबं रांगेत आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा नाही. तेव्हा तुमच्याच भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. पुन्हा सांगते, येऊ नका. पदरचे पैसे मोजून, परक्या देशातल्या पेपरात.

आपण जुने पेपर रद्दीत घालतो, याचं मला फार वाईट वाटतं. अग्रलेख जे झाकतो ते जाहिरातीत उघडं पडतं. निदान ग्रंथालयांनी तरी जाहिरातींची पानं जपावीत.

तर, ही वेळ का आली? मतदारांच्या धाकानं. 1968 मध्ये केनियातले आशियाई येऊ लागले, तशी ब्रिटनमध्ये ओरड झाली आणि लेबर पक्षाच्या सरकारनं तीन दिवसांत कायदा करून टाकला. हो, तीन दिवसांत. ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण आईबाप किंवा आजीआजोबांचं नातं ब्रिटनशी नाही? मग थेट प्रवेश नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध विषारी भाषण केलं आणि गोदी कामगार त्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. 1972 मध्येही मोर्चे निघाले. तरी पंतप्रधान हीथ यांनी ब्रिटिश पासपोर्टचा शब्द पाळला, सुमारे 28,000 माणसं आत घेतली. मला हे फार मोठं वाटतं. पण लोकमताची भीती त्यांनाही होतीच. शहरांची लाल आणि हिरवी अशी वाटणी झाली. लाल म्हणजे तिकडे जाऊ नका. लेस्टर लाल.

18 सप्टेंबरला पहिलं विमान इंग्लंडमधल्या स्टॅनस्टेड विमानतळावर उतरलं. माणसांना जुन्या लष्करी तळांवरच्या छावण्यांत ठेवलं. काहींनी पुढे सांगितलं, लेस्टर हे नाव आम्ही त्या जाहिरातीतच पहिल्यांदा वाचलं. कोणाचे नातेवाईक आधीच तिथे होते. छावणीतून निघाले आणि हजारो जण लेस्टरलाच गेले. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर आज साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं ओळीनं उभी आहेत, आणि दिवाळीत तो रस्ता दिव्यांनी भरून जातो.