मोरपंखी पैठणी आणि चार प्लेटा

हा कागद बघा. एका छोट्या दिवाळी अंकाचं कव्हर आहे, आर्ट पेपरवर छापलेलं. बाईंनी नेसलीय ती पैठणी मोरपंखी आहे, म्हणजे निदान माझ्या मॉनिटरवर तरी होती, इथे ती दहा दिवाळ्या धुतल्यासारखी विटलेली दिसतेय, आणि हो, डिझाईन माझंच.

पुण्यात पेठेतल्या एका प्रेसमध्ये हा कागद मशीनवरून निघाला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. मालकांना विचारलं, काका, शाई कमी पडली का? त्यांनी भिंग लावून बघितलं, कागद दाराशी उजेडात नेला आणि म्हणाले, "शाई बरोबर आहे रे. फाईल कुठल्या प्रोफाईलवर काढलीस?" मी गप्प. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती तीच, यू. एस. वेब कोटेड स्वॉप. मला इतके दिवस वाटायचं, वेब म्हणजे वेबसाईटचं काहीतरी असणार. तर ते वेब म्हणजे कागदाचं रीळ ओढणारं मोठं मशीन, तेही अमेरिकेतल्या छपाईच्या हिशोबाचं, आणि आमचं मशीन सुट्या शीटचं.

आता हे प्रोफाईल म्हणजे काय, तर समजा आईने फोनवर सांगितलं, शिऱ्याला दोन वाट्या रवा घे. पण कुणाची वाटी? फाईलमधले रंगाचे आकडे असेच असतात, नुसते आकडे, आणि वाटी केवढी ते प्रोफाईल सांगते. 'असाईन' केलं की आकडे तेच राहतात, वाटी बदलते, म्हणून रंग बदलतो. 'कन्व्हर्ट' केलं की वाटी बदलते पण रवा तेवढाच यावा म्हणून आकडेही बदलतात. या दोन बटणांमध्ये मी कितीतरी वर्षं गोंधळ घातलाय.

या वाट्यांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकच असावी म्हणून १९९३ मध्ये आयसीसी ही संस्था निघाली, क्रिकेटवाली नव्हे, इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम. स्क्रीनसाठीचं एसआरजीबी हे प्रोफाईल १९९६ चं, एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून केलेलं. छपाईसाठी जर्मनीतल्या फोग्रा संस्थेची मापं बऱ्याच ठिकाणी चालतात, कोटेड म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदाला फोग्रा ५१, अनकोटेडला ५२. कागदाप्रमाणे प्रोफाईल बदलते कारण मॅपलिथोसारखा अनकोटेड कागद शाई पितो, ठिपका पसरतो, रंग बसका होतो.

पण पैठणीपेक्षा मोठी चूक आत होती. हे पान जवळून बघा, अगदी भिंगातून. शिरोरेषेच्या वर बारीकशी गुलाबी कड दिसतेय? अनुस्वाराला तर चक्क निळी सावली पडलीय. मजकूर वर्डमधून आलेला, आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या हिशोबातला काळा, आणि स्वॉपमध्ये कन्व्हर्ट होताना त्याच्या झाल्या चार शाया: सायन म्हणजे निळा ७५, मॅजेंटा म्हणजे गुलाबी ६८, पिवळा ६७, काळा ९०. बेरीज ३०० टक्के! प्रत्येक शाईची छापायची प्लेट वेगळी, म्हणजे एवढ्याशा अनुस्वारावर चार प्लेटा तंतोतंत एकावर एक बसवायच्या, तो बिचारा मशीनमन काय करणार.

हे घरबसल्या पकडता येतं, हेच मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये घेऊन आउटपुट प्रिव्ह्यू उघडायचा आणि काळ्या प्लेटसमोरची खूण काढायची. मजकूर पूर्ण गायब झाला तर ठीक, मागे मातकट भूत उरलं तर काळा चार रंगांत फुटलाय.

दुसऱ्या वेळी कव्हर आणि आतली पानं वेगळी एक्सपोर्ट केली, प्रोफाईल काकांना विचारून, छपाईसाठीच्या पीडीएफ एक्स-४ प्रकारात. मजकूर आधी नुसत्या काळ्यावर आणला, आणि कन्व्हर्ट करताना 'प्रिझर्व्ह नंबर्स'वालं निवडलं, म्हणजे १०० टक्के काळा काळाच राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. त्याआधी प्रूफ कलर्स, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय, चालू करून पैठणी बघितली तर ती तिथेच फिकी पडली. खरं सांगायचं तर ती मोरपंखी झळाळी चार शाईंच्या आवाक्यातच नाही, कुठलीही प्रोफाईल लावा. मग साडीचा नाद सोडून मागची भिंत जरा गडद केली, पदर आपोआप उठून दिसायला लागला.

हा दुसरा कागद. शिरोरेषा स्वच्छ आहे. काका म्हणाले, पैठणी हुबेहूब हवी असेल तर पाचवी शाई लावू, पण प्लेटचे आणि मशीनचे पैसे वेगळे पडतील. संपादकबाईंनी पदरावर बोट फिरवलं, हिशोबाची वही उघडली आणि म्हणाल्या, "राहू दे, चारच बऱ्या."